आठ डब्यांचं अंथरूण

वॉर्डेलला रूळ संपतात.
पुढे मक्याचं शेत, मग गोठलेलं तळं,
मग विस्कॉन्सिन.
इथे बावीस हिवाळे मी
गाड्यांची हजेरी मांडत आले :
कोण कुठल्या रुळावर, कोण आजारी,
कोणाच्या दाराला बर्फ धरलाय.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण अंथरूण होतं सहा डब्यांचं, पणजोबांच्या काळातलं,
आणि शिकागोहून गाड्या येऊ लागल्या आठ डब्यांच्या.
पाय बाहेर राहायचे, थेट रस्त्यावर.
म्हणून रोज रात्री साडेबाराला
लिओनार्ड पावलाक शेवटचे दोन डबे सोडवायचा,
शेजारच्या रुळावर नेऊन निजवायचा,
आणि पहाटे पावणेचारला परत जोडायचा.
उतारूंना हे कधी कळलं नाही.
त्यांना अख्खी गाडी दिसायची,
ते बसायचे, मांडीवर पिशवी घ्यायचे
आणि उरलेली झोप पुरी करायचे.

इंजिनं रात्रभर धडधडत ठेवावी लागत.
बंद केली तर सकाळी नुसते धोंडे.
कुंपणापलीकडच्या मिसेस ड्रूरीने
एकोणीस तक्रारी लिहिल्या.
सगळ्या माझ्या खणात आहेत, वळणदार अक्षरातल्या.
तिसरीच्या तळाशी तिने विचारलंय,
तुम्हालाही झोप लागत नाही का?
छापील उत्तरात त्यासाठी जागा नव्हती.

आणि तपासणी? ती पाठीवर पडून.
खोक्याचा पुठ्ठा फाडून बर्फावर टाकायचा,
वर लोखंड, खाली लोखंड,
वितळलेलं पाणी ब्रेकवरून सरळ कॉलरमध्ये.
यारित्झाचे केस एकदा रुळाला चिकटले.
लिओनार्डने थर्मासमधली कॉफी ओतून सोडवले.
ती म्हणाली, साखर नव्हती ना रे?

मग मंजुरी आली.
तशी याआधी चारदा आली होती,
चारदा मधल्याच स्टेशनावर उतरली होती.
या वेळी तिच्या मागोमाग पोकलेन आलं.
दोन उन्हाळे खोदकाम.
मातीतून निघाली कंदिलाची काच,
आणि एक पाना, दांड्यावर खिळ्याने कोरलेलं : आर. के.
मी जुन्या वह्या चाळल्या, पार ओल लागलेल्या.
आर. के. कुठल्याच हजेरीत नाही.
पाना लिओनार्डने तेल लावून ठेवलाय.
नव्या गाड्यांच्या एकाही नटाला तो बसत नाही.

आता नऊ रूळ, आणि आठही डबे मावतात.
खांबावरून मनगटाएवढी केबल ओढायची,
गाडीला लावायची, इंजिन बंद.
पहिल्या रात्री मी तीनदा उठून बाहेर गेले,
काय मेलं ते बघायला.
काही मेलं नव्हतं.
तळ्यावरचा बर्फ तडकल्याचं ऐकू येत होतं,
जे मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.
मिसेस ड्रूरीने घर ऑगस्टमध्येच विकलं.
तिथे आता कुणाचंतरी बाळ रडतं,
अगदी स्पष्ट.

नव्या शेडमध्ये लांबलचक खड्डा आहे,
भिंतीत दिवे, उतरायला पायऱ्या.
गाडी डोक्यावर येऊन थांबली तेव्हा
लिओनार्ड सवयीने खाली वाकला,
जमिनीवर पुठ्ठा शोधू लागला.
यारित्झा म्हणाली, उभा राहा की.

तो उभा राहिला.
एकतीस वर्षांनी, गाडीखाली, सरळ.
हात वर केला,
दोरीवरचे कपडे वाळले का चाचपावं तसा,
आणि एका बोल्टावर थांबला.

हा? हा या बाजूला आहे?
तो म्हणाला.
मला वाटायचं, डावीकडे.

मी वहीत लिहिलं :
रूळ चार. आठ डबे. एकत्र.
पावणेचार वाजले होते.
लिओनार्ड सहाव्या आणि सातव्या डब्याच्या मध्ये
हातमोजे काढून उभा होता.
जोड पक्का होता, त्यालाही माहीत होतं.